सात नंबर

खारघरच्या डोंगरावर महिनाभराचं काम मिळालं :
दर पंधरा मिनिटांनी गाय कुठं आहे ते लिहायचं.
तक्त्यात चार रकाने. गवत, पाला, सावली, चाल.
सात गायी, गळ्यात सात पट्टे, पट्ट्यांवर आकडे.
जोमा उघड्याला आकडे वाचता यायचे,
तरी तो हाका मारायचा बांडीला, मोरीला, तांबीला,
आणि सातवीला नुसतं, ए पोरी.

सकाळी पठार. दव असेपर्यंत गवत मऊ,
मग पेंढ्यासारखं करकरीत.
दहाच्या सुमाराला कुणी न सांगता
सगळ्या कड्याखालच्या रानात उतरायच्या,
खुरांनीच कोरलेल्या वाटेनं.
मला वाटलं, ऊन.
जोमा म्हणाला, गोमाशी. ती सावलीत येत नाय.

एका ऐनाचं खोड माना घासून घासून
तांब्याच्या बुडासारखं गुळगुळीत झालेलं.
काकडाचा पाला फक्त मोरी खायची,
बाकीच्या हुंगून पुढं.
आवडीला रकाना नव्हता.
पानांच्या फटीतून खाली सेक्टरचे मनोरे
आणि गोल्फच्या मैदानावरचं
हिरवंगार, कुणी न चरलेलं गवत.
बांडीनं तिकडं एकदाही पाहिलं नाही.
मी पाहिलं. बरेचदा.

एकोणिसाव्या दिवशी सात नंबर रानात शिरली
आणि बाहेर आली नाही.
मी निघालो तर जोमानं काठी आडवी धरली :
व्याली असंल. हुडकू नको,
माणसाचा वास लागतो वासराला.

दोन दिवस मी लिहीत राहिलो, दिसली नाही, दिसली नाही.
तिसऱ्या दुपारी ती झऱ्यावर आली,
कास तट्ट, अंगावर काट्यांचे ओरखडे,
गळा मोकळा.
पोटभर पाणी प्याली नि परत फिरली,
थेट नाही, लांबून वळसा घेऊन,
आम्ही बघतोय हे ठाऊक असल्यासारखी.
करवंदीच्या जाळीत एक ओला कान हलला.
ए बाये, जोमा म्हणाला, अगदी हळू.

ऑफिसात मॅडमनी पान पुढं सरकवलं.
इथं दोन दिवस रिकामे का?
मी पेन मागून घेतलं
आणि त्या दोन दिवसांच्या प्रत्येक पंधरा मिनिटाला
सावलीच्या रकान्यात खूण केली.

पट्टे परत दिले, सहा.
सातव्याचे साडेतीनशे कापले पगारातून.
तो असेल अजून जाळीत कुठंतरी,
आकडा वर करून.