तापाचा तक्ता

पेटीवाले लोंढे गुरुजी लेकीकडं इचलकरंजीला गेले
आणि पाळकसाहेब म्हणाले,
"मालनबाई, दोनच रविवार.
शब्बाथशाळेची गाणी तेवढी बघा."
म्हटलं, साहेब, थायरॉइड काढला तेव्हापासून
माझा वरचा सा गेलाय, खालचाही.
"देवाला चालतं," म्हणाले.
देवाला चालतं हो,
पोरांना चालत नाही.

तेवीस पोरं. मिरजेचं एप्रिलचं ऊन पत्र्यावर तडतडतंय,
ग्लोरिया कांबळेच्या हातात अर्धा पेरू,
आणि मागच्या बाकावर दोघांची पेनावरून झटापट.
छत्तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईनं
गाणं शिकवायचं म्हणजे कसं शिकवायचं?
मला येतं तेच मी काढलं.
फळ्यावर तापाचा तक्ता आखला.

अठ्ठ्याण्णव म्हणजे कुजबुज,
शेजारच्या खाटेवरचा जागा होता कामा नये.
शंभर म्हणजे घरात बोलतो तसं.
एकशे चारला रेल्वे फाटकापर्यंत पोचलं पाहिजे!
खडू वर सरकला की गाणं वर,
"गोळी दिली!" म्हटलं
की तेवीस गळे एकदम गार.
तीनदा गोळी दिली. चौथ्यांदा शलमोन उभा राहिला.
"बाई, एकशे सहा करा की."
एकशे सहाला पेशंट भ्रमात जातो रे.
"मग भ्रमात गाऊ!"

गायले.
सुवार्तानं शेवटचं कडवं आधी घेतलं,
कुणी नाकातून, कुणी बाकाखालून,
आणि रस्त्यावर तंबोऱ्याचा भोपळा कॅरिअरला बांधून चाललेला माणूस
सायकलवरून एक पाय खाली टेकून
ऐकतच राहिला.

हनोख तेवढा गप्प.
आवळ्यांचा हनोख, सहा वर्षांचा, दाराजवळ,
चपला हातात घेऊन बसणारा.
गा म्हटलं नाही मी त्याला.
पर्समधून स्टेथोस्कोप काढला, त्याच्या कानात घातला.
म्हटलं, डॉक्टर, राउंड घ्या.

चपला खाली ठेवल्या त्यानं.
एकेकाच्या छातीवर नळी टेकवत चालला,
कपाळाला आठी, अगदी सर्जनसारखी.
"ह्याच्यात लई जोरात हाय."
"हिच्यात पेरू हाय."
"ही गातच न्हाई! नुसते ओठ हलवती!"
एस्तेरनं जीभ चावली
आणि पुढच्या ओळीपासून
ती सगळ्यांत मोठ्यानं.

फिरत फिरत तो माझ्यापाशी आला.
टाचा उचलल्या, नळी टेकवली,
तक्त्यावर तेव्हा एकशे तीन चालू होता.
बराच वेळ ऐकलं त्यानं.
मग हळूच, पेशंटच्या नातेवाइकाला सांगावं तसं,
"बाई, तुमीबी नुसते ओठच हलवताय."

मी खडू अठ्ठ्याण्णववर आणला.
पोरं कुजबुजीत उतरली,
आणि त्या कुजबुजीच्या आडोशाला
अकरा वर्षांनी मी एक ओळ गायले.
"काय ऐकू येतंय, डॉक्टर?"
"आत कोणतरी बाकडं सरकवतंय."
"सुरात?"
त्यानं नळी जरा डावीकडं सरकवली.
"कधी कधी."