पहिल्यापासून

बाबांना तहान लागते तेव्हा
ते तांब्याकडे बोट करतात आणि म्हणतात, "होडी."
मग स्वतःच मान हलवतात. नाही. "होडी." नाही.
डोळ्यांत पाणी येतं,
तोंडात पाणी हा शब्द येत नाही.

पण दिडकी येते.
बे दिडे तीन, ती दिडे साडेचार, चोक दिडे सहा,
ओठाचा उजवा कोपरा लोंबत असताना
एकही अपूर्णांक सांडत नाही.

रत्नागिरीला सिव्हिलमध्ये फौजिया मुकादम म्हणाल्या,
होतं असं.
बोलायचे शब्द आतल्या खोलीत असतात,
पाठ केलेले दुसरीकडे, पडवीत म्हणा हवं तर.
खोलीला कुलूप बसलंय. पडवी उघडीच आहे.
रोज वीस मिनिटं. तेच तेच.
कंटाळा आला तरी तेच.

तेच तेच तर त्यांनीच शिकवलं मला.
जाळं सांधताना समोर बसवायचे,
एक गाठ मारायचे, एक घर मी म्हणायची.
चुकलं तर मारायचे नाहीत.
फक्त सुई थांबायची, आणि म्हणायचे,
"पयल्यापासून."
मी नाक पुसत परत एकावर यायची.
शाळेत चौगुले गुरुजी सांगायचे, घोकू नका, समजून घ्या.
घेतलं समजून.
तरी सतरा साती मला अजून
सतरा एके सतरापासून चढत गेल्याशिवाय
सापडत नाही.

आणि पूर्णगडच्या खाडीचं तोंड.
ते बाबांनी कागदावर कधी उतरवलं नाही.
बुरूज नाकासमोर, सुरूची रांग डाव्या खांद्यावर,
पांढरं खडप मागे पडलं की सात मोजायचे,
मग सुकाणू आपल्याकडे.
मला होडीवर कधी नेलं नाही, तरी पाठ आहे.
सुरू तोडून तिथे रिसॉर्ट झालं त्याला बारा वर्षं झाली.
बाबा म्हणतात तेव्हा
खांद्याशी सुरूच येतात.

किती वाजता गोळी घेतली विचारलं
तर ते एकापासून निघतात,
आठवर येऊन उभे राहतात, माझ्याकडे बघतात.
मी म्हणते, बरोबर, आठ.

माझं नावही तसंच.
नुसतं "निमा" निघत नाही.
लहानपणी जेवायला हाक मारायचे
त्याच ओळीने यावं लागतं त्यांना:
शेवंती, दामू, राघो, निमा.

राघो.
पांढऱ्या खडपाजवळ, भादव्यातल्या अमावास्येला.
सुकाणू त्या रात्री बाबांकडे नव्हतं.
त्यालाही सगळं पाठ होतं.
त्यानंतर सत्तावीस वर्षं
हे नाव या घरात कुणी घेतलं नाही.
फोटोचा हार बदलायचा झाला तरी आई म्हणायची,
"त्याचा सुकलाय."
आता दिवसातून दहा-बारा वेळा.
माझ्यापर्यंत पोचायला
त्याच्यावरूनच वाट आहे.

मागल्या खेपेला फौजियाबाई म्हणाल्या, छान चाललंय.
आता पहिली तीन नावं तुम्हीच हळू म्हणा,
चौथं त्यांच्यासाठी सोडा.
मग दोन म्हणा. मग एक.
महिन्याभरात सुटं नाव येईल तोंडात.
मी वहीत लिहून आणलं, आईला वाचून दाखवलं.
आई बांगडे चिरत होती.
वर न बघता म्हणाली,
"येवडी घाई कशाला?"

वही फडताळात आहे.

संध्याकाळी भरतीचं पाणी माडांच्या मुळांशी येतं,
पडवीतून हाक येते.
शेवंती. दामू.
आत चुलीपाशी भांड्यांचा आवाज थांबतो.
राघो.
निमा.

मी दारामागेच असते.
ऐकते. ओ देत नाही.
बाबा जरा वेळ थांबतात,
घसा खाकरतात,
आणि पहिल्यापासून सुरू करतात.