चौसष्ट घरं

वितरकाचं उत्तर आलं : बावन्न आठवडे.
महिन्याने पुन्हा विचारलं, तर : बावन्न आठवडे, आजपासून.
म्हणजे ते वर्ष आमच्यापुढे चालतंय, आमच्याच वेगाने,
आणि तिब्लिसीच्या टोकाला, ग्लदानीत,
सोळा मजली इमारतीची लिफ्ट
तिसऱ्या-चौथ्याच्या मधे तोंड मिटून उभी आहे.

चिप अंगठ्याच्या नखाएवढी. चव्वेचाळीस पाय.
आत चौसष्ट घरं, बुद्धिबळाच्या पटाइतकी,
प्रत्येक घरात एक हो किंवा एक नाही.
ती ओतारने भरली, दोन हजार सहा साली,
सहा इमारतींसाठी एकच डाव.
वर कुलूप घातलं, किल्ली कुठे लिहून ठेवली नाही,
आणि तो ग्रीसला गेला, की वारला,
मी दोन्ही ऐकलंय.

नुक्री सुक्या पुलाच्या बाजारातून
चार चिपा घेऊन आला, रुमालात गुंडाळून.
माथ्यावरची अक्षरं जरा जास्तच ठळक.
ॲसिटोनचा बोळा फिरवला तसं नाव निघालं,
खाली दुसरं नाव,
त्याच्याखाली पॉलिशपेपरचे ओरखडे.
"दोन तरी खऱ्या असतील," तो म्हणाला.
"कुठल्या दोन?"
तो सिगरेट ओढायला बाहेर गेला.

मग रात्री तक्ते वाचणं.
हिला पाय तेवढेच, पण जमीन भलत्याच पायाला.
ती पाच व्होल्ट दिसले की मरते.
एक तर अफाट, घरं मोजवत नाहीत,
पण वीज गेली की सगळं विसरते
आणि आली की शेजारच्या चिपेला विचारत बसते : मी कोण?
आमच्या वस्तीत जानेवारीत वीज
पाहुण्यासारखी येते-जाते.
हिला स्वतःची ओळख पटेपर्यंत
आत कोणीतरी बटाट्यांची पिशवी धरून उभं.

शेवटी एरेवानच्या एका दुकानात सापडली,
जुन्याच घराण्यातली, बुटकी.
पाय जुळवता येतात. पाच व्होल्ट चालतात. विसरत नाही.
चाळीस नग, रोख.
घरं बत्तीस.
दुधाची तहान ताकावर.

ओतारचा डाव मला पुन्हा मांडायचा होता.
शेजारच्या इमारतीची लिफ्ट अजून चालत होती;
तिच्यात स्टूल टाकून चार दिवस बसले,
वही, घड्याळ, वीस-वीस तेत्रीच्या नाण्यांची बरणी.
लोक विचारायचे, कितव्या मजल्यावर?
मी म्हणायचे, सगळ्या.

नवव्यावर दार सात सेकंद उघडं राहतं.
बाकी सगळीकडे तीन.
आधी वाटलं माझीच चूक. पुन्हा वर, पुन्हा खाली.
दुसऱ्या इमारतीत गेले, तिथेही नववा. सात.
नवव्यावरच्या बायका म्हणाल्या, बिघाड आहे, जुना,
आम्हाला सवय झालीये.
कोणासाठी, हे कुणालाच माहीत नाही.
कुबड्या? बाळाची गाडी?
दारापर्यंत पोचवायला येऊन
बोलत राहणारं कोणी?

काटकसर करून पस्तीस घरांवर आले.
तीन जास्त.
नवव्याच्या त्या चार सेकंदांना बरोबर तीन लागतात.
नुक्री माझ्याकडे पाहत होता, मी वहीकडे.
नाणी मोजायला लागतात पाच.

समितीच्या ददुनाबाई हिशेबाची वही घेऊन आल्या :
फुकट? किती दिवस?
बावन्न आठवडे, मी म्हटलं, आजपासून.
कारण काय लिहू?
लिहा, घरं कमी पडली.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. लिहिलं.

आता नाणं टाकलं की खणखणत खालच्या ताटलीत परत येतं.
चौदाव्यावरच्या एतेरी आजी
ते पुसून पुन्हा टाकतात,
एकदा, दोनदा,
मग बटण दाबतात, ओशाळल्यासारखं.
दोन घरं अजून रिकामी आहेत.