अकरा सेकंद

पाण्यातून सायकल, सायकलवरून पळणं.
लोकांना शर्यतीचे तीनच भाग दिसतात.
मला विचाराल तर चौथा एक असतो, मधल्या जागेतला टॉवेल.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यातला, काठ चुकला म्हणून
एक्स्पोर्टच्या गठ्ठ्यातून बाजूला पडलेला.
आम्ही वडिलांना नायना म्हणतो.
नायनांनी तो घडी घालून माझ्या बॅगेत ठेवला,
म्हणाले, पाय पुसायला काठ लागत नाही.

पोहायला शिकले हिप्परग्याच्या तलावात,
मासे धरणाऱ्या पोरांच्या ट्यूबला लोंबकळून.
सायकल होटगी रोडवर, सिमेंटच्या ट्रकांमागे,
दात घासले तरी संध्याकाळपर्यंत करकर.
पळायला कुणी शिकवलं नाही.
एप्रिलात इथलं डांबर बुटाला धरतं,
पाय उचलला नाही तर तिथंच राहाल.

नऊ वर्षं. चौतीस शर्यती.
बक्षिसाच्या पैशात एक चाक यायचं,
कधी नुसती ट्यूब.
गल्लीत विचारायचे, काय बे नागमणी,
तिन्ही करतीस, मग एकात तरी
पहिली का येत न्हाईस?

चेन्नईला चौथी आले.
तिसरीच्या मागे अकरा सेकंद.
ते कुठं गेले मला माहीत आहे:
टॉवेलवर बसून मी लेस बांधत होते,
बोटं गार, डोळ्यांत मीठ,
आणि विणकराच्या पोरीला गाठ येईना.
नायना तुटलेला धागा असा जोडतात
की माग थांबला होता हे मागालाही कळत नाही.

पुढं गुडघा गेला.
अपघात वगैरे काही नाही, घरच्या जिन्यावर,
हातात दुधाची पिशवी होती.
दूधही गेलं.

मग पुण्याहून फोन.
मालिकेतल्या एका बाईला पळता येत नव्हतं.
तिची साडी नेसून मी पाठमोरी पळाले,
गुडघ्याला पट्टा, वरून परकर.
दिग्दर्शक म्हणाला, इतकं नीट नको,
घाबरून पळा.
घाबरून!
नऊ वर्षं मी तेवढंच लपवत होते.
सातव्या टेकला जमलं.
पाठीलाही चेहरा असतो, हे तेव्हा समजलं.

त्यानंतर नर्स झाले, हवालदार झाले, प्रेत झाले.
प्रेत उत्तम झाले. श्वास धरता येतो.

काल हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग होता.
दुसरा अंक मी पूर्ण खुर्चीत बसते.
उठायचं नाही, हात हलवायचे नाहीत,
नुसतं बोलायचं, मुलाची वाट बघणाऱ्या म्हातारीनं.
पहिल्या अंकातली तरुण बाई विंगेत टाकून
म्हातारी व्हायला मिळतात नव्वद सेकंद.
पिना, चष्मा, पांढरा विग, चपला
त्याच टॉवेलवर, पायाच्या अंतरानं मांडलेल्या.
काल वेळ उरला.
अंधारात उभी राहून मी मोजला,
दुसरं कोण मोजणार.

तिसऱ्या रांगेत नायना.
चाळीस वर्षं मागाशेजारी, कान केव्हाच गेले.
कारखान्यात माणसं एकमेकांचे ओठ वाचतात,
त्यांनी माझं नाटक तसंच वाचलं.
टाळ्या पडल्या तेव्हा शेजाऱ्याचे हात बघून
त्यांनी आपले उचलले.

घरी कडक भाकरी मोडताना म्हणाले,
'उशीर' हा शब्द तू गिळलास.
मी हातानं सांगितलं, रडू आलं होतं.
रड की, म्हणाले. पण तोंड उघडून.
आणि शेंगाची चटणी पुढं सरकवली.

आज पहाटे कंबर तलावाच्या कडेनं
उशीर, उशीर म्हणत चालले होते.
मागून एक पोरगी पळत आली,
डाव्या बुटाची लेस सुटलेली.
हाक मारली.
तिनं ऐकलं, मान हलवली,
आणि थांबली नाही.