आठ कागद

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये जेवणाचे डबे बंद होत असताना
पर्सोनेलच्या निकिताने लिफाफा हातात ठेवला.
वरचे दोन, बरोबरीचे तीन, हाताखालचे तीन.
नावं नाहीत ताई, म्हणाली,
सगळ्यांनी मोकळेपणाने लिहिलंय.

नावं कशाला हवीत?
एकोणीस वर्षं यांच्याच टेस्ट रिपोर्टांवर सही करतेय मी.
हसमुखभाईंचा सात मान टाकून झोपतो.
गुजरातीला शिरोरेघ नसते,
पण खानविलकर ती ओढल्याशिवाय पुढे जात नाही.

साहेबांनी लिहिलंय, शिस्तप्रिय.
गेल्या वर्षीही हेच होतं,
तेव्हा ते एकटेच लिहायचे आणि मला पुरायचं.
स्टोअरमधून: बेन साचुं बोले छे, पण बहु मोटेथी.
डिझाईनच्या पोराने 'संवाद' समोर
पाचपैकी दोन दिले, खोडून तीन,
तेही खोडून पुन्हा दोन.
ती खोडाखोड मी बराच वेळ बघत बसले.

आठवा कागद ओळखता आला नाही.
निळं बॉलपेन, दाबून लिहिलेलं, मागच्या बाजूने हाताला लागणारं.
एकच ओळ:
'मॅडम काय झालं विचारत नाहीत.
कोणी केलं, विचारतात.'

रात्री भाजी निवडताना नवऱ्याला वाचून दाखवलं.
तो म्हणाला, हे मी फॉर्म न भरताही सांगितलं असतं.

नव्या पोरांना मीच शिकवते,
एका मीटरवर भरवसा ठेवू नका.
आणि दोन मीटर जुळले नाहीत
तर मीटरला शिव्या घालण्याआधी
आपली जोडणी तपासा.

गुरुवारी तेलाची टेस्ट लावली.
अठ्ठावीस केव्हीलाच फुटलं.
तेलाकडे कोणी पाहिलं नाही,
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
'को' पर्यंत आले होते.
गिळलं.
काय झालं? विचारलं,
आणि आवाज माझा मलाच उसना वाटला.

कोणी बोलेना.
सवय नव्हती या प्रश्नाची, त्यांना तरी कुठे.
पंप घरघरत राहिला.
मग मागून, चिंध्यांच्या ढिगाजवळून, एक हेल्पर,
ज्याचं अक्षर कुठल्याच रिपोर्टवर येत नाही:
मॅडम, ड्रमचं झाकण रात्रभर उघडं होतं.

त्याचं नाव विचारायला तोंड उघडलं होतं मी.
म्हटलं, चल, आधी ड्रम बघू.