हिलाल बिऱ्हाडेचा पेपर

रविवारी दुपारी, कूलरमध्ये मी बादली ओतत असताना
हिलाल बिऱ्हाडे येतो.
पारोळा नगरपालिकेतला शिपाई, वय त्रेपन्न,
तेलकट पिशवीत मुक्त विद्यापीठाचं पुस्तक.
विषय : इंग्लंडचा राज्यकारभार.
बी.ए. झाला तर क्लार्क होईल,
आणि क्लार्क झाला तर दोन वर्षं आधीच निवृत्त.
हे त्याला माहीत आहे. तरी येतो.

मी सांगतो, जुना राजा एका जागी राहत नसे.
पलंग, घंगाळी, कागदांच्या पेट्या, शिकारी कुत्रे
सगळं गाड्यांवर, या गावातून त्या गावात.
कढई उतरली तिथे दरबार.
‘म्हंजे बिऱ्हाडच शे ना, सर,’
हिलाल म्हणतो आणि एकदम लाजतो,
आपलं आडनाव छापील पुस्तकात
सापडल्यासारखा.

पुस्तक म्हणतं वॉर्डरोब. मी म्हणतो जामदारखाना.
आधी तिथे नुसते अंगरखे होते.
मग रुपं ठेवलं, कारण कुलूप तिथेच होतं.
मग शिक्का. मग शिक्का मारणारा.
मग एका एडवर्डनं वेल्सवर चाल केली
तेव्हा फौजेचा पगार
कपड्यांच्या खोलीतून निघाला.
हिलाल समासात लिहितो : कुलूप.

पुढच्या पानाशी मी आवाज खाली आणतो,
स्वयंपाकघरात बायको आहे.
आठव्या हेन्रीच्या शौचाच्या चौकीपाशी
एक सरदार उभा असे.
राजाचं अंग त्याच्यासमोर उघडं,
म्हणून राजाचा कानही.
खासगी थैली त्याच्याच हाती.
पदाचं नाव, ग्रूम ऑफ द स्टूल.
मला वाटलं हा हसेल.
‘मनं बी स्टूल व्हतं,’ तो म्हणाला.

अठरा वर्षं. अध्यक्षांच्या दाराबाहेर, डाव्या हाताला.
ठेकेदार आधी त्याला नमस्कार करत,
मग दाराला.
साहेबांचं पोट बिघडलंय की मूड,
हे तो चपला कशा काढल्यात त्यावरून सांगे,
आणि त्यावरून गटारीची बिलं आत जात
किंवा परत फिरत.

मग राणी आली, मी वाचतो.
आतल्या महालात बायका नेमल्या,
सरदार उंबऱ्याबाहेर. महालाचा नुसता महाल झाला,
राजकारण कौन्सिलच्या टेबलावर गेलं.
‘लगेच?’
पुस्तकात तसं दिलंय.
‘आमनाकडे लगेच नही व्हयनं.’

आरक्षण निघालं तेव्हा अध्यक्षीणबाई आल्या,
खुर्चीत त्यांचे यजमान बसले.
फायली हिलाल सायकलवरून घरी नेई.
बाई चुलीपुढून उठत, सही करत.
ठराव क्रमांक एकशे बाराच्या खाली
कळण्याच्या पिठाचा अंगठा अजून आहे.

त्यांच्यानंतरची एकटीच आली, स्वतःचा डबा घेऊन.
टेबलावरची घंटा तिनं कपाटात ठेवली.
दार उघडं राहू दे म्हणाली,
आणि हिलालला म्हणाली, तुम्ही आत बसा,
आवक-जावक लिहा.
स्टूल जन्म-मृत्यू नोंदणीच्या खोलीत गेलं,
आता त्यावर पाण्याचा माठ असतो.
त्याला अजून कळलेलं नाही
तो वर चढला की उतरला.
म्हणून हा अभ्यास, असं तो म्हणाला नाही.

वेळ संपत आली. मी भरभर सांगतो :
जर्मनीहून आलेला जॉर्ज, इंग्रजी बेताचीच,
मंत्र्यांच्या बैठकीला जाणं हळूहळू बंद.
कारभार त्याच्याशिवाय चालू लागला.
‘तवय राजा काय करे, सर? दिनभर?’

मी पुस्तक चाळलं. त्यात नव्हतं.
बायकोनं चहा आणला, त्यानं बशीत ओतून घेतला.
दहा गुणांच्या प्रश्नावर खूण केली.

निघताना उंबऱ्याबाहेर
माझ्या वाकड्या पडलेल्या चपला
त्यानं पायानंच सरळ केल्या.
दोन पावलं गेला. थांबला.
परत येऊन
त्यातली एक वाकडी करून ठेवली.