डावा दरवाजा

फॉक्स बे, फॉकलंड बेटे

ये केल्विन, दार धरून ठेव,
इथला वारा पाहुण्याच्या आधी घरात शिरतो.
नाहीतर असं कर, चहा नंतर.
आधी गाडीच बघून घे.

त्रेसष्टची लँड रोव्हर. रंग हिरवा होता;
मेंढ्यांनी अंग घासलं तिथे नुसता पत्रा उरलाय.
दोष आधी सांगते, गुण तुला रस्त्यात कळतील,
म्हणजे रस्ता असेल तिथे.
दुसरा गिअर निसटतो, गुडघ्याने दाबून धरायचा.
वायपर एकच, तोही मनाचा राजा.
छत गळतं, पण ठरलेल्या जागी. तिथे डबा आहे.
दलदलीत किती वेळा रुतली, हे आयव्हन मोजायचा,
दोनशे अकरानंतर त्याने नाद सोडला.
एकदा ऑगस्टात अख्खी रात्र काढली आम्ही आत,
तो, मी आणि एक आजारी मेंढा.
तिघांत ऊब होती ती मेंढ्याला.

आणि हा डावा दरवाजा.
आतून उघडत नाही, एकोणसत्तरपासून.
आयव्हन उतरायचा, टोपी दाबून धरत
बॉनेटला वळसा घालून यायचा
आणि बाहेरून कडी ओढायचा.
दुकानापाशी, धक्क्यावर, चर्चच्या दारात.
आमच्यात बोलणं बंद असायचं
त्या आठवड्यांतसुद्धा.
बायका म्हणायच्या, व्हेल्मा, नशीब काढलंस गं.
मी म्हणायची, नशीब कसलं, कडी मोडलीय.
नवी कडी इंग्लंडहून यायची होती.
'पुढच्या बोटीने,' म्हणायचा.
किती बोटी आल्या. मग मीही विचारायची थांबले.

सीटखाली काय शोधतोस? तिथे जॅक असेल, दोरखंड,
त्याचा एखादा हातमोजा.
ते काय तेलकट कागदातलं?
सुतळी नको कापूस, सोड हळूच.

पावती तूच वाच, माझा चष्मा आत राहिला.
सत्तर साल. मार्च.

अरे लबाडा.
तुला नाही रे म्हटलं.

काय म्हणालास, दहा मिनिटांचं काम?
स्क्रूड्रायव्हर असला तर पाचच?
हो. त्याच्याकडे तीन होते.

किंमत सांगितली तीच. घासाघीस नको.
जॅक घे, दोर घे, गळतीचा डबाही घे,
कडी तेवढी इथेच राहील.

चल, फाटकापर्यंत चालवून बघ.
मी डावीकडे बसते.
थांबवताना तोंड वाऱ्याकडे ठेव,
नाहीतर दार उपटून नेतो तो.
आणि उतरशील तेव्हा
टोपी सांभाळ.